मधला पेड

माय,

शिसवीचे रुंद दातांचे कंगवे, कडुनिंबाचे जरा बारीक दातांचे, आणि ज्या बायांची बोटं संधिवातानं वाकली त्यांच्यासाठी जाड मुठीचे. केस सरळ करायची खिळ्यांची पाटी, तिच्यात एकशे शहाऐंशी खिळे, प्रत्येकाचं टोक कानशीनं घासून बोथट केलेलं. शिकेकाई, रिठा आणि मेथीची पूड, तीन वेळा कापडातून चाळलेली. माक्याचं तेल, लोखंडी कढईत, रसातलं पाणी पुरतं आटून कढईची चरचर थांबेपर्यंत मंद आचेवर ठेवलेलं. आणि गंगावनं, आजपर्यंत सहाशे एकोणीस. हे सगळं मी माझ्या हातानं केलं. कुण्या उस्तादानं शिकवलं नाही, कुठल्या संस्थेचा कागद भिंतीवर नाही. तू गेलीस तेव्हा गंगावनांचा आकडा चाळीसच्याही आत होता, म्हणून आधी हे सांगून टाकलं. तुला वाटायचं, हा बायांच्या वेण्यांचा नाद पोराला चार महिने पुरेल.

परवा दुकानात एक माणूस आला होता. त्याला मी नाही म्हटलं, आणि तेव्हापासून घरात कुणी माझ्याशी धड बोलत नाही. तुझी सून जेवायला वाढते आणि ताटाकडेच बघत म्हणते, "नाही म्हनलं त म्हनलं. पन काऊन म्हनलं हे मले तरी सांगा." सत्तावीस वर्षांच्या संसारात तिनं मला इतका साधा प्रश्न कधी विचारला नसेल, आणि मला त्याचं उत्तर देता येत नाही. कारण ते उत्तर ऐकायचा पहिला हक्क तुझा आहे, आणि तुला जाऊन सोळा वर्षं झाली.

आपल्या मेहकरात बसस्टँडकडून बाजाराकडे वळलं की डाव्या हाताला माझं दुकान. पाटी मीच रंगवली आहे, अक्षरं पट्टीनं आखून: "ज्या बाईचे केस, त्याच बाईला." एवढंच. बायका विंचरताना निघालेली आपापली गुंतवळ जपून आणतात, मी ती धुतो, सरळ करतो, आणि त्यांच्याच केसांचं गंगावन त्यांना करून देतो. दुसऱ्या कुणाचे केस त्यात मिसळत नाही. सुरुवातीला चहाच्या टपरीवर माझी फार टर उडवली गेली. माझ्याच वर्गातला एक जण, सोयाबीनचा व्यापार करतो, मला बघितलं की ओरडायचा, "काय बे, आज कोनाची वेनी घालून राह्यला?" एक दिवस मी थांबलो आणि म्हणालो, "तुह्या मायची. पिशवी तिनंच पाठवली, संगं दोन लिंबंही देली." टपरीवर जो हशा पिकला तो मला आजही ऐकू येतो. त्याची आई पुढच्या आठवड्यात गंगावन न्यायला स्वतः आली, आणि पोराला बाहेर गाडीजवळ उभं करून आली. लोक हसले म्हणून मी एक दिवसही दुकान बंद ठेवलं नाही. पुरुषानं बायांच्या केसांचं काम करू नये असा नियम कुठं लिहिला असेल, तर तो लिहिणाऱ्यानं आपल्या आईच्या टाळूकडे कधी बघितलेलं नाही.

मी बघितलं होतं. पैनगंगेकाठच्या आपल्या वावरातली मेथी, वांगी, सांभाराच्या जुड्या, सगळं टोपल्यात भरून तू तीस वर्षं डोक्यावरून बाजारात नेलंस. टोपल्याखाली जुन्या लुगड्याची चुंबळ, आणि चुंबळीखाली तुझी टाळू. सकाळचं ऊन दारात आलेलं आहे, तू उंबऱ्यावर केस मोकळे सोडून बसली आहेस आणि मी मागे खाटेचा पाय तासत बसलो आहे. चुंबळ जिथे टेकायची तिथले केस गेलेले मला स्पष्ट दिसतात, आधी रुपयाएवढे, मग पुरीएवढे. तू बाजूचे केस ओढून त्यावर घेतेस आणि अंबाडा इतका आवळतेस की तुझ्या भुवया वर जातात. "घट्ट बांधलं की दिसत नाई," तू म्हणायचीस. त्या आवळण्यानं कपाळावरची केसांची रेघ दर वर्षी थोडी मागे सरकत होती, हे तुलाही माहीत नव्हतं आणि मलाही.

आज तू समोरच्या स्टुलावर येऊन बसलीस तर मी पहिल्यांदा तो अंबाडा सैल करीन. मग सांगीन की माय, पाळी गेल्यावर बाईचा केस बदलतो, आणि त्यात तिचा काही दोष नाही. तो बारीक होतो, भांग रुंद दिसायला लागतो, आणि जो पांढरा होतो तो कोरडा आणि आडमुठा होतो, कारण डोक्याचं स्वतःचं तेल कमी पडायला लागतं. तरुणपणी जे केस सोसायचे ते आता सोसत नाहीत. म्हणून रोज घसाघसा धुवायचं नाही, कढत पाण्यानं तर नाहीच. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. तेल आदल्या रात्री थापायचं नाही, न्हायच्या घंटाभर आधी बोटांच्या पेरांनी लावायचं, नखांनी नाही. ओले केस विंचरायचे नाहीत. गुंता खालच्या टोकापासून सोडवत वर जायचं, वरून खाली ओढायचं नाही. आणि एकदम झुपकेच्या झुपके गळायला लागले, किंवा मधेच गोल चट्टा पडला, तर माझ्याकडे यायचं नाही, डॉक्टरकडे जायचं, रक्त तपासायचं. हे मी दुकानात आलेल्या प्रत्येक बाईला सांगतो. तुलाच तेवढं सांगता आलं नाही. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं, मला फक्त तुझी टाळू दिसत होती आणि माझं लग्न ठरलं होतं.

माझं लग्न ठरलं, पिंपळगाव राजाची मुलगी, आणि तू वरमाय होणार. मांडवात सगळ्यांच्या नजरा वरमायवर. मी तेव्हा खामगावला एका फर्निचरच्या कारखान्यात रंधा मारत होतो. दोन आठवड्यांची मजुरी घालून मी तिथल्या बाजारातून एक गंगावन आणलं, काळंभोर, कमरेच्या खालपर्यंत जाणारं, प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेलं. मला वाटलं, तू हरखून जाशील. तू ते हातात घेतलंस, उजेडाकडे धरलंस, वास घेतलास.

"कोन्या बाईचे होत हे?"

"मले काय माहीत? दुकानातून आनलं."

"मेलीचे का जितीचे?"

मी रिकामी प्लास्टिकची पिशवी उलटसुलट करून बघितली.

"तिनं खुशीनं देले का कोनं कापून नेले, हे बी माहीत नाई तुले. अन् तुले वाटलं, तुही माय दुसरीची वेनी लावून मांडवात उभी राहीन? माह्या पांढऱ्या डोक्याले हे काळं शेपूट?" तू ते माझ्या मांडीवर टाकलंस. "जाय, वापस देऊन ये."

मला राग आला होता, हे आज कबूल करतो. पण मग तू उठलीस, चुलीमागच्या भिंतीतल्या देवळीत हात घातलास आणि एक कापडी पिशवी काढलीस. विंचरून झालं की तू कंगव्यातली गुंतवळ बोटाभोवती गुंडाळायचीस, तिच्यावर थू करायचीस, कुणाची नजर लागू नये म्हणून, आणि तिथे खुपसायचीस, हे मी लहानपणापासून बघत होतो. गल्लीतल्या सगळ्याच बाया असं करायच्या. महिन्या दोन महिन्यांनी केसं घेणारी बाई यायची आणि गुंतवळीवर पिना नाहीतर एखादी वाटी देऊन जायची. तुझीही जात असेल असंच मी धरून चाललो होतो.

"नऊ वर्साची होय," तू म्हणालीस. "वाटीसाठी म्या एक गुंता देला नाई. गंगावन करायचं त याचं कर. माहे मले वापस दे."

माहे मले वापस दे. माझं अख्खं दुकान या एका वाक्यावर उभं आहे, आणि पाटीवर मी ते फक्त शुद्ध करून लिहिलं.

लग्नाला सात आठवडे होते. पहिल्या खेपेला मी गुंतवळ रिठ्याच्या पाण्यात धुतली, कंगव्यानं मोकळी केली, आणि केस हाताला येतील तसे जुळवून बांधले. दुसऱ्या धुण्यात केसात केस अडकून त्याचं पार घोंगडं झालं. चार दिवस मी ते घोंगडं समोर ठेवून बसलो. मग एक केस चिमटीत धरून सहज बोटं एकमेकांवर घासली आणि बघतो तर केस एकाच दिशेनं सरकतोय, मुळाच्या दिशेनं. उलटा धरला तरी मुळाकडेच. केसाला मासोळीसारखे खवले असतात हे मला पुढे कितीतरी वर्षांनी एका पुस्तकात सापडलं, पण माझ्या बोटांना ते त्या दिवशी कळलं. मुळं एकीकडे, टोकं एकीकडे लावली की केस केसात अडकत नाही. मी एक एक केस घासून लावला. नऊ वर्षं त्या पिशवीत अगदी क्रमानं होती, तळाशी काळी, मधे करडी, वर पांढरी. तू म्हातारी कशी होत गेलीस ते मी पेरानं मोजत होतो.

पण नऊ वर्षं पुरली नाहीत. भिंतीच्या बाजूनं अर्धी पिशवी कसरीनं खाल्लेली, आणि उरलेल्यात वितीपेक्षा आखूड केस फार. सगळं निवडून झाल्यावर सोनाराच्या तराजूत सेहेचाळीस ग्रॅम भरलं. वरमायच्या डोक्याला शोभेल अशा वेणीला कमीत कमी ऐंशी लागतात. आणि मी खामगावचं गंगावन परत केलेलं नव्हतं. दुकानदारानं घेतलं नाही, पण तुला मी परत केलं म्हणून सांगितलं होतं. ते माझ्या पत्र्याच्या पेटीत हत्यारांच्या खाली पडलेलं होतं.

गंगावनाला तीन पेड असतात. बाजूचे दोन मी पुरते तुझ्या केसांचे केले, वीस वीस ग्रॅमचे, एकही परका केस नाही. मधल्या पेडात चौतीस ग्रॅम त्या काळ्या गंगावनातले घातले आणि वरून तुझे उरलेले सहा ग्रॅम असे लपेटले की विणल्यावर आतला काळा रंग कुठूनही डोकावू नये. त्या कामात मी आजही खोट काढू शकत नाही. सहाशे एकोणिसांत तितकं सफाईदार काम पुन्हा जमलेलं नाही.

मांडवात तू उभी आहेस. हिरवं लुगडं, पांढऱ्यातून करडी होत काळ्यात उतरणारी वेणी, टाळूवर एक वेढा घेऊन पाठीवर सोडलेली, अगदी तुझ्या डोक्याचीच वाटावी अशी. माझी सासू वेणीवरून हात फिरवून म्हणते, "काय बाप्पा विहीनबाई, या वयात इतली लांब वेनी! कोन्तं तेल लावता?"

"तेल नाई न् काई नाई," तू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतेस. "माह्या पोरानं माहेच पडेल केस गुंफून देले. दुसरीचा एक केस निंगला त नाव बदलवून टाका माहं!"

बायका वळून माझ्याकडे बघतात. मुंडावळ्यांमुळे माझा चेहरा दिसत नाही, हे माझं नशीब. त्या दिवशी तू पहिल्यांदा पदर टाळूवरून मागे जाऊ दिलास, आणि तो परत ओढला नाहीस. त्याच मांडवातल्या तीन बायांनी पुढच्या महिन्यात आपापल्या पिशव्या आणून दिल्या. तू त्यांना खडसावलंस, "माह्या पोराले काय कामधंदे नाईत का?" आणि पिशव्या ठेवून घेतल्यास.

नंतर मी कुणाच्याच गंगावनात परका केस घातला नाही. कमी भरले तर वेणी आखूड करून देतो. बायका कुरकुरतात, मी ऐकत नाही. चार वर्षांपूर्वी हिवाळ्यात रोहिणखेडच्या एक निवृत्त नर्सबाई आल्या होत्या, मुलीकडे मुक्कामाला होत्या. दर आठ दिवसांनी काळा रंग लावून लावून कानामागची कातडी सोललेली. मी म्हटलं, "ताई, आधी हा रंग बंद, आणि कातडीच्या डॉक्टरला दाखवा. ते बरं झाल्याशिवाय मी हात लावणार नाही."

"मी चौतीस वर्षं लोकांना हेच सांगत आले भाऊ, रिॲक्शन आली की औषध थांबवा म्हणून," त्या म्हणाल्या. "स्वतःच्याच डोक्याचं ऐकलं नाही. बरं, एक सांगा. गेलेले केस येतील का?"

"नाही येणार. आहेत ते सांभाळू."

"मंग तुमच्याकडं काऊन यायचं?"

"खोटं ऐकायचं असलं तर स्टँडसमोर तीन दुकानं आहेत ताई. बाटलीवर फोटोसुद्धा छापून देतात."

त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. तीन वर्षांनी परत आल्या, कातडी बरी झालेली, रंग पुरता उतरून डोकं स्वच्छ पांढरं, आणि हातात शेवटच्या वर्षाच्या गुंतवळीची पिशवी. पंचवीस ग्रॅम भरली. मी खांद्यापर्यंतची पांढरी वेणी करून दिली. आरशात बघून म्हणाल्या, "आखूड आहे, पण माझी आहे." मी त्यांच्याकडे पाठ करून खिळ्यांची पाटी पुसत राहिलो.

कारण हे तुला म्हणता यायला हवं होतं, माय. तुला लांब वेणी मिळाली आणि ती पुरती तुझी नव्हती. शेवटच्या आजारपणात तू मला जवळ बोलावून म्हणालीस, "मी जाईन तवा ते गंगावन माह्यासंगं टाकजो. माहेच होत. माह्यासंगंच जाऊ दे." मी हो म्हटलं. तू गेलीस त्या दिवशी बाया तुला न्हाऊ घालत होत्या आणि मी मागच्या पडवीत ते मांडीवर घेऊन बसलो होतो. वरची दोरी उसवली आणि मधला पेड काढून घेतला. ती कोण होती मला माहीत नाही, मेली होती का जिती, हेही माहीत नाही, पण तिला तुझ्यासोबत जाळायचा हक्क मला नव्हता. दोनच पेड तुझ्या उशाशी ठेवले. तुझ्या सुनेनं तेवढ्या गर्दीतही बघितलं. "काऊन हो, दोनच?" मी म्हटलं, तिसरा कसरीनं खाल्ला.

मी माफी मागत नाही. त्या दिवशी मांडवात तुझी मान ताठ होती, आणि त्यासाठी पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा तोच मधला पेड घालीन, तितक्याच सफाईनं. पण जे मी एकदा तुझ्यासाठी केलं ते मी धंदा म्हणून कुणासाठी करणार नाही, आणि मला ते करायला सांगणाऱ्याला माझ्या दुकानात पाणी मिळेल, होकार मिळणार नाही.

तो पेड अजून त्याच पत्र्याच्या पेटीत आहे, हत्यारांच्या खाली. हा कागदही तिथेच ठेवणार आहे, दुसरा पत्ता माझ्याकडे नाही. एक गोष्ट मात्र राहिली. त्या पेडावर तुझे सहा ग्रॅम लपेटलेले होते. ते उलगडून तुझ्यासोबत द्यायला त्या दिवशी वेळ नव्हता, असं मी सोळा वर्षं स्वतःला सांगत आलो. वेळ होता. बाया घंटाभर आत होत्या आणि माझे हात अर्ध्या घंट्यात ते काम करतात. मला तुझे थोडे ठेवून घ्यायचे होते.

परवा आलेला माणूस मोठ्या शहरातून आला होता, केसांचा व्यापारी, बोलायला नम्र. माझं नाव, माझी पाटी आणि माझ्याकडे येणाऱ्या बाया त्याला हव्या होत्या. वरचा थर ज्या त्या बाईचाच राहील, म्हणाला, आत आम्ही पाठवू ते केस घालायचे. आतलं कुणाला दिसतं, भाऊ? मी त्याला चहा पाजला आणि नाही म्हटलं. तो देत होता अकरा लाख रुपये.